घरच्या रेडिओवर

"तुझं मॅन्डोलिन मागच्या रांगेपर्यंत पोचायचं नाही," असं म्हणत श्रीपाद दरवर्षी जयपूरच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांच्या यादीतून बायकोचं नाव गाळायचा. म्हणून यंदा मधुमतीने चौडा रास्ता बाजारातल्या दुकानातून, तारांचा आवाज वायरीने स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप बसवलेलं स्वस्तातलं मॅन्डोलिन आणलं. तारांखालची घोडी हलकेच सरकवून तिने तारा सुरात लावल्या, वायर घरच्या रेडिओला जोडली आणि वाजवायला सुरुवात केली.

"अगं, रेडिओवर कोण आहे? काय हात आहे!" श्रीपाद न्हाणीघरातून ओरडला. "ऐक जरा, शिकून घे काहीतरी!"

"अहो, मीच वाजवतेय," ती हरखून म्हणाली.

श्रीपादने आतला नळ बंद केला.

 

"तरीच! मघापासून जरा बेसूरच वाटत होतं."