वापरलेलं तेल

"अजून दोन-तीन घाणे काढ," अध्यक्ष स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले. "तेलाचा रंग अगदीच कोरा दिसतोय."

बायकोने झारा कढईच्या काठावर आपटला. बटाट्याच्या तळलेल्या कापांचा परातीत डोंगर झाला होता. शेजारणी, त्यांची पोरं, पोस्टमन, सगळे खाऊन हात टेकून गेले होते. "अहो, नवंच ओता ना टाकीत! जळायचंच आहे त्याला."

"पाटीवर काय लिहिलंय? 'येथे फक्त वापरलेले तेल जळते.' तत्त्व म्हणजे तत्त्व."

"तत्त्व तुमचं, आणि भाजतेय मी."

भिंतीपलीकडे अध्यक्षांचं वाचनालय होतं. घराचीच पुढची खोली. गल्लीतले म्हातारे हिवाळाभर तिथे बसत. त्यांत बायकोचे वडीलही होते. आबांना घरात जिन्याखालची खाट मिळाली होती, कारण आतली उबदार खोली अध्यक्षांच्या सभांना लागे. आज अकराला नगरपालिकेचे परीक्षक येणार होते. खोली गरम नसेल, तर वाचनालय थंडी सरेपर्यंत बंद. आणि आबा परत जिन्याखाली. बायको तळत होती ती तेवढ्यासाठी. पाटीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

हीटर मात्र खरोखर चांगला होता. मागच्या अंगणातल्या टाकीत तेल पडलं की आपोआप पेटायचा. आवाज नाही, धूर नाही. फक्त तळणाचा मंद वास. गल्लीतल्या घराघरांतून उरलेलं तेल यायचं आणि म्हाताऱ्यांची हाडं शेकायची. मग अध्यक्षांनी आरोग्य मंडळाचंही अध्यक्षपद घेतलं. 'तळण म्हणजे मरण' या विषयावर त्यांनी असं काही रसाळ निरूपण केलं, की बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात गल्लीने कढया माळ्यावर टाकल्या. टाकी कोरडी पडली. दोन्ही कामं अध्यक्षांनी अगदी मनापासून केली होती.

परीक्षक साडेदहालाच आले.

 टाकीत थेंब नव्हता. अध्यक्षांनी त्यांना घाईघाईने खुर्ची दिली आणि बोलायला सुरुवात केली. पृथ्वीपासून सुरुवात केली. पृथ्वीवरून हवा, हवेवरून मानवजात. पूर्वरंग काही संपेना. परीक्षक गळ्याला मफलर आवळून हीटरकडे बघत होते.

"ते सगळं खरं," परीक्षक म्हणाले, "पण हा चालतो का?"

अध्यक्षांनी रुमालाने कपाळ टिपलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या कपाळावरचा घाम भीतीचा नाही. खोलीत ऊब होती. आबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती. एका म्हाताऱ्याने तर स्वेटरची बटणं सोडली. आणि वर भिंतीतल्या झरोक्यातून तळणाचा वास दरवळत होता.

ओतलंन वाटतं तेल! अध्यक्षांची छाती फुगली. बायको बोलते फार, पण वेळेला काम करते.

"चालतो का म्हणजे?" त्यांचा आवाज वरच्या पट्टीत गेला. "वास घ्या, साहेब! हा साधा वास नाही. टाकाऊतून उभ्या राहिलेल्या उद्याचा वास आहे हा! गॅसचा एक कणसुद्धा जळत नाही इथे."

परीक्षकांनी मफलर सोडला. कोटही उतरवला. हीटरमागच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "वा! माझ्या कचेरीत तीन यंत्रं आहेत, पण ही ऊब नाही. मुरलेली आहे हो ही. चालू ठेवा तुमचं वाचनालय."

आबांनी कोणाला दिसू नये असे डोळे पुसले. अध्यक्षांना ते दिसले. ते त्यांनी आपल्या भाषणाच्या खाती जमा केले.

इतक्यात आतलं दार ढकलून बायको आली. चेहरा लालबुंद, पदर खोचलेला, दोन्ही हातांत फडक्याने धरलेला तेलाचा डबा.

"घ्या, झालं एकदाचं वापरलेलं," ती म्हणाली. "टाकीचं झाकण काही मला उघडेना. तुम्हीच ओता, म्हणजे पेटेल तो तुमचा हीटर. सकाळपासून गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर कढया चढवल्यात. आता बंद करून आलेय."

 अध्यक्षांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून पृथ्वीही निघेना आणि मानवजातही. आबांनी हळूच कानटोपी पुन्हा हातात घेतली आणि परीक्षकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

परीक्षकांनी हीटरच्या पत्र्याला बोट लावून पाहिलं. बर्फासारखा गार. मग त्यांनी झरोक्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आबांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. खुर्ची उचलली आणि भिंतीला अगदी चिकटवून मांडली.

"वहिनी," ते बसत म्हणाले, "बटाटे संपले नाहीत ना?"