कळलावीचं मूळ

"सोड आधी ते!" सुईण ठकूमावशी ओरडली. "पोर बाहेर आलं, आता मूळ क्षणभर ठेवू नको."

सासूनं घाईघाईनं सगुणाच्या कमरेची गाठ सोडली. कळलावीचं मूळ भलतं जालीम. पोटात गेलं तर माणूस जातं, म्हणून अडलेल्या बाईच्या कमरेला ते नुसतं बांधायचं; मुलाला बाहेर ओढून काढतं. मूल आलं की लगेच सोडायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं, नाहीतर ते ओढतच राहतं, समोर कोण आहे ते बघत नाही. पटत नसेल तर सोडून द्या, पण सकाळपासून अडलेलं सगुणाचं पोर मूळ बांधल्यावर शेवाळावरून पाय घसरावा तसं आलं.

"जाळलंस ना गं?" नाळ कापून झाल्यावर मावशीनं विचारलं.

"ह्या गडबडीत कोण जाळत बसतंय? दिलं खिडकीतून भिरकावून. चिंचेखाली पडलं बघ."

मावशीच्या हातातला तांब्या कलंडला. सगुणाची आधीची दोन पोरं न रडताच गेली होती. दोघांनाही त्याच चिंचेखाली पुरलं होतं.

"आणते मी," म्हणून मावशी उठली, तोच परसातून रडणं ऐकू आलं. कोवळं, ओलं, एक थांबलं की दुसरं. नवं बाळ तर आईच्या कुशीत गाढ झोपलं होतं.

सासूनं धावत जाऊन मागच्या दाराला कडी घातली आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत्याबाई," सगुणा खाटेवरून म्हणाली, "कडी काढा. भर दुपारचं ऊन आहे, पोळतील पोरं."