सत्त्याऐंशीच्या आधीची

इटलीत तस्कनीच्या डोंगरातल्या त्या नव्वद किलोमीटरच्या फेरीत १९८७च्या आधीच्याच सायकलींना प्रवेश होता, आणि ते तपासायचं काम फोस्कोकडे होतं. सकाळपासून तो पार दमला होता, कारण जो तो आपली सायकल दहा वर्षांनी जुनी करून सांगत होता.

तेवढ्यात लोरियाना त्याच्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "फोस्को, आमच्या नेदोची सायकल बाद कर. हृदयाचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झालेत, पण मित्रांनी चढवलंय त्याला. माझं ऐकतोय कुठे!"

"वहिनी, मी सायकली तपासतो, नवरे नाही," फोस्को वैतागून म्हणाला.

थोड्या वेळाने नेदो आला. मागे लोकरी जर्सी घातलेले त्याचे चार मित्र. सायकल खरोखरच साठ सालच्या आसपासची होती. सांगाड्याचे नक्षीदार सांधे, खालच्या नळीवरचे गिअरचे खटके, सगळं अस्सल. फोस्कोला लोरियानाचं वाईट वाटलं. मग त्याची नजर हँडलवर गेली. ब्रेकच्या तारा वरून बाहेर न येता हँडलला गुंडाळलेल्या पट्टीखालून गेल्या होत्या. साठ सालच्या सायकलीत हे शक्यच नव्हतं, आणि तारा बाहेरूनच हव्यात असा फेरीचा नियम होता.

"ब्रेक नंतरचे आहेत, नेदो. नियमात बसत नाहीत. नाही सोडता येणार तुला," असं म्हणून तो भांडणाच्या तयारीत बसला.

नेदोने मागे उभ्या मित्रांकडे पाहिलं. मग वाकून तो फोस्कोच्या कानाशी कुजबुजला,



"जरा मोठ्यानं सांग ना बाबा, काल अख्खा दिवस घालवलाय मी ते बसवण्यात!"