कुरकुरणाऱ्या दाराचा उपाय

घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांवर ती ब्लॉग लिहायची. वाचक तिला ताई म्हणत. ताईंचा एक नेम होता: वाचकाने मागितलेला उपाय आधी स्वतःच्या घरात करून बघायचा, मगच लिहायचं.

एकाने विचारलं, "ताई, कपाटाचं दार फार कुरकुरतं. काय करावं?"

तिच्या खोलीतलं कपाटही कुरकुरायचंच. तिने बिजागऱ्यांत तेल सोडलं. दार गप्प झालं. ती लिहायला बसली, तर त्याच वाचकाचा निरोप येऊन पडला होता: "आभार ताई. आता आवाज येत नाही."

तिने अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

हा चावटपणा नवऱ्याचाच, असं धरून तिने त्याला फोनवर फैलावर घेतलं.

"अगं, मी ऑफिसात मान मोडून काम करतोय," तो वैतागला. "तू कुठे तेल ओतलंस, मला काय ठाऊक?"

तिने कपाटाला बाहेरून कडी घातली, ओढून बघितली आणि पुन्हा टेबलाशी बसली. त्याच वाचकाची नवी मागणी आली होती.

"बाहेरून कडी घातलेलं कपाट आतून कसं उघडायचं, यावर लिहा. नेहमीसारखं आधी स्वतः करून बघा."

तिने वळून पाहिलं. कपाट सताड उघडं होतं. दाराने हूं की चूं केलं नव्हतं.