तिघींचं एकमत

२०२२ सालचा श्रावण. पासलीच्या वरच्या वाडीसाठी बसवलेल्या, दरडीची सूचना देणाऱ्या तिन्ही पेट्या, त्यांची राखण करणाऱ्या बंडूच्या खालच्या पडवीत खताच्या गोण्यांवर ओळीनं बसल्या होत्या. वर प्लॅस्टिक पांघरलेलं, शेजारी इन्व्हर्टर.

भोरहून भिजत स्कूटरवर आलेली शुभ्रा दारातच थांबली.

“बंडूदादा, ह्या डोंगरावर तीन खांबांवर होत्या ना?”

“व्हत्या की. पर वर लाईट न्हाई, माकडं वायरी वढत्यात. म्हनलं, हितं सुखानं ऱ्हातील. आन ताई, एकमत बगा कसं! म्हैनाभर एकदाबी वाकडं न्हाई.”

हेच एकमत भोरला स्क्रीनवर बघून तिला शंका आली होती. पेट्या तिच्या संस्थेच्या. जमीन हलली की पेटीला कळायचं, आणि एकीची नोंद तिघींत उतरायची. एखादी बंद पडली तरी उरलेल्या दोघींनी काम चालवायचं. वाडीतला धोक्याचा भोंगा मात्र दोघींचं पटल्यावरच वाजायचा. एकीची चूक असू शकते.

“अहो, तिघी एकाच पडवीत बसल्यावर त्यांचं बिनसेल कशावरून? आता तुमची पडवी घसरली तरच भोंगा वाजेल!”

“पडवी न्हाई घसरायची, ताई. शिमिटाची हाय.”

शुभ्रानं कपाळावर हात मारला, एक पेटी काखेत घेतली आणि चिखलातून वर चढू लागली.

वर धोंडाबाईंच्या घरामागं डोंगराला चीर गेली होती, हात आत जाईल एवढी. रिकाम्या खांबाला शेळी बांधलेली. धोंडाबाई चुलीपुढं निवांत. पूर्वी पाऊस असा लागला की वाडीत कुणीतरी थाळी बडवायचं, आणि पोरं, म्हाताऱ्या, शेळ्या सगळी घोंगड्या घेऊन खाली शाळेत निजायला यायची.

“आजी, चीर दिसली नाही का? खाली का नाही गेलात?”

“दिसली की. पर भोंगा कुठं वाजला? पेट्या आल्यापास्नं कुनीच जात न्हाई. तूच म्हनली हुतीस, पेट्या जाग्या हायत, तुमी निजा.”

शुभ्रा ओरडलीच, “पेट्या बंडूदादाकडं झोपल्यात, आजी! उठा!”

धोंडाबाई तिला आणि पेट्यांना शिव्या घालत उठल्या, शेळी सोडली. सांजेच्या आत वाडी शाळेत आली.

त्या पावसात डोंगर जागेवर राहिला. पुढच्या वर्षी उतरला. घरं गेली, माणसं वाचली, कारण परत खांबांवर चढवलेल्या दोघींचं वेळेवर पटलं. तिसरी चार्जिंगला म्हणून बंडूनं घरी नेली होती. बंडू ग्रामपंचायतीवर बिनविरोध निवडून आला. शुभ्रा पुण्यात मोठ्या कंपनीत लागली. धोंडाबाई रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. मोबाईल लावायला शिकल्यात. पाऊस धरला की शुभ्राला फोन करतात आणि दरवेळी तेच विचारतात, “आन पोरी, एकीलाच कळलं असतं तर?”