सारखे रकाने

धाकट्याने कागदावरचा शेवटचा रकाना खोडला आणि हात झाडले. वेग दुप्पट झाला होता.

डोंगरमाथ्यावरच्या बर्फातल्या ठाण्यात त्याचा थोरला भाऊ एकटा राहायचा. तिथवर तार पोचत नव्हती. उल्का जळून गेली की आकाशात एक रेघ मागे उरते, दिवसाउजेडीसुद्धा. ठाण्यातलं यंत्र हवामानाचे आकडे रेडिओ-लहरींनी त्या रेघेवर आदळवून खालच्या केंद्रात धाकट्याकडे पाठवायचं. रेघ टिकायची जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात मावेल ते मावेल, बाकीचं पुढच्या उल्केच्या भरवशावर. महिन्यापूर्वी साहेबांनी बजावलं होतं, वेग दुप्पट करा, नाहीतर ठाण्याला टाळं. टाळं म्हणजे दादाची नोकरी गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतो? धाकटा इरेला पेटला.

आधी त्याने दादाचीच ओळ कापली. दादा रोज सकाळी स्वतः टाइप करायचा, ‘मी बरा आहे. तू जेवलास का?’ अख्खी उल्का त्या लाडात खर्ची पडायची.

“अरे, आकडे तर यंत्र पाठवतं,” दादाने शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. “माझं कसं चाललंय, तुला कळणार कसं?”

“तुला काय धाड भरलीय?” धाकट्याने उलट कळवलं होतं.

त्यानंतर दिसेल तिथे कात्री. आजची शेवटची.

केंद्रातल्या ऑपरेटरबाई निकाल बघून हरखल्या. उल्केची वाट बघता बघता त्यांनी आयुष्यभर चहा गार केला होता.

“आज काय काढलंत?”

“ता-दोन. नऊ दिवस झाले, ता-एक आणि ता-दोन तंतोतंत सारखे येतायत. हा उणे अठरा तर तोही उणे अठरा, हा उणे वीस तर तोही उणे वीस. तेच ते दोनदा कशाला पाठवायचं?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “ता-एक म्हणजे बाहेरचं तापमान, ते ठाऊक आहे मला. ता-दोन कुठलं हो?”

धाकट्याने खोडलेल्या रकान्याचा कागद पुन्हा समोर ओढला. ता-दोनचा मापक गेल्या उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या हाताने टांगला होता, दादाच्या खाटेशेजारी, शेगडीच्या उबेत.