हॉलमधली जीभ

आमच्या दादाला विनोदाचं वावडं आहे. तरी डेकोरेटर म्हणाली, "हॉलमध्ये काहीतरी खट्याळ हवं," म्हणून दादासाहेबांनी अख्खी भिंत पॉप आर्टला देऊन टाकली. गुलाबी केसांची, हिरवा गॉगल लावलेली म्हातारी आणि तिची हातभर बाहेर आलेली जांभळी जीभ! येईल त्या पाहुण्याला दादा तिच्यापुढे उभं करून ऐकवतो, "माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे."

काल त्याचे बॉस सहकुटुंब आले होते. दादाने ठरलेलं वाक्य टाकलं, तेवढ्यात त्याच्याच चिमुरड्या लेकीने त्याच्याकडे बघून थेट म्हातारीसारखी जीभ काढली. मला हसू आवरेना. दादा मात्र लालबुंद झाला.

"कार्टे, पाहुण्यांसमोर ही थेरं? जा, भिंतीकडे तोंड करून उभी राहा!"

पोरगी मुकाट्याने चित्राखाली जाऊन उभी राहिली. जरा वेळाने बॉसना चित्रासोबत फोटो हवा झाला, तेव्हा दादाने तिला दंडाला धरून बाजूला सारलं.

"चला, सगळ्यांनी जीभ काढा!" बॉस म्हणाले.



सगळ्यांत लांब जीभ आमच्या दादाची निघाली.